भुंगेऱ्याच्या मांडीची चौकशी

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा बहुसंख्य जनतेला, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, दसऱ्याच्या आधी मराठवाड्यात एक चौकशी समिती येऊन गेली. समितीचे अध्यक्ष, सचिव, सदस्य आणि हमाल ही सर्व पदे मीच भूषवत होते. चौकशीचा विषय: एका भुंगेऱ्याची मागची डावी मांडी. भुंगेरा तिळापेक्षा जरासा मोठा. मांडीच्या आकाराचा अंदाज तुम्हीच करा.

समितीची ओळख करून देते. मी सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, पन्नाशी ओलांडली आहे, एकटी राहते, आणि पानं खाणारे बारके भुंगेरे गोळा करते. यातली शेवटची गोष्ट कळली की लोकांना तिच्या आधीचीही आपोआप उलगडते.

या भुंगेऱ्यांच्या मिशा आणि मांड्या भिंगाखाली बघत बसणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत एकच. उदगीरचे रशीदसर. तेही प्राणिशास्त्राचे शिक्षक, पुढे निवृत्त झाले. वीसेक वर्षं आमचा व्यवहार काडेपेट्यांतून चालला. काडेपेटीत कापूस, कापसात भुंगेरा, आणि पेटी कुरिअरनं सांगलीहून उदगीरला किंवा उदगीरहून सांगलीला. समोरासमोर भेट कधी नाही. फोनवर मात्र भांडणं नियमित होत, आणि ती दोनच विषयांवर.

पहिला विषय लग्नपत्रिका. एवढ्या बारक्या जिवाला टाचणी टोचता येत नाही. म्हणून जाड कागदाचा चिमुकला त्रिकोण कापायचा, त्याच्या टोकाला भुंगेरा चिकटवायचा आणि टाचणी कागदाला टोचायची. मी हे त्रिकोण लग्नपत्रिकांचे कापते. पत्रिका मला भरपूर येतात आणि त्यांचा दुसरा उपयोग नसतो. रशीदसर म्हणायचे, "मॅडम, तुमची काडेपेटी उघडली की वऱ्हाड उतरल्यासारखं वाटतंय."

दुसरा विषय डिंक. मी डिंकानं चिकटवते. ते बायकोच्या बिनरंगी नेलपॉलिशनं. "डिंकाचं काय खरं न्हाई मॅडम. पहिल्या आंघोळीला सुटतो," असं ते इतक्या वेळा म्हणाले की ते माझ्या कॉलेजच्या मुलींनाही पाठ झालं.

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांच्याकडून एका भुंगेऱ्याचे दोन फोटो आले. समोरून बघितलं तर भुंगेरा एका उपकुळातला, बाजूनं बघितलं तर दुसऱ्याच. कोंबडीला बदकाचा पाय असावा, तसा प्रकार. खाली लिहिलं होतं: "कुरिअरनं पाठवत न्हाई. मागचा एकच पाय उरलाय, तो बी मोडंल. बघायचं असंल तर तुम्ही या." मी लिहिलं, परीक्षा संपल्या की मेमध्ये येते. मार्चमध्येच त्यांचं हृदय थांबलं.

मग यंदा एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी शाहेदा बोलून राहिले, उदगीरहून. रशीदसरांची घरवाली. मॅडम, तो किडा बघायला तुम्ही येणार होत्या ना? या आता. त्याच्यावर लई अडून राहिलंय." काय अडलंय, ते फोनवर सांगेनात. मी भडंगाच्या चार पुड्या घेतल्या आणि निघाले.

नांदेड

प्रवासाचं सांगत नाही. बसलं की कुठंतरी पोचतंच माणूस. सरळ उदगीरला न जाता मी नांदेड, देगलूर असा वळसा घातला. वाटेत भुंगेरे मिळतात हे वरवरचं कारण. खरं म्हणजे, ज्या घरात आपल्याला बोलावणारा माणूसच नाही तिथं जायला पाय उचलत नव्हता.

नांदेडात रिक्षावाल्यानं मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "गुरुद्वाऱ्याला ना, ताई? एकट्याच?" लॉजच्या मॅनेजरनं रजिस्टर उघडून विचारलं, "सोबत कोण हाय?"

"दीडशे जण," मी म्हटलं. "सगळे मेलेले."

त्यांचं पेन थांबलं. मी पेटी उघडून दाखवली. त्यांनी शांतपणे सगळं वऱ्हाड न्याहाळलं, पेन पुन्हा चालू केलं आणि म्हणाले, "वरचा पंखा बारीकच ठेवा मग. उडून जातील."

सकाळी लंगरला गेले. आमच्याकडं सांगलीत पंगतीला बसलं की वाढणारा आधी तुम्ही कुणाकडचे हे विचारतो, मग जिलबीचा आग्रह करतो आणि नको म्हटलं की रुसतो. इथं रोटी ताटात पडत नाही. दोन्ही हात पुढं करायचे, आणि सेवेकरी ती ओंजळीत ठेवतो. शेकडो माणसं ओळीनं बसलेली, कुणी कुणाला काही विचारत नाही. माझ्या एका बाजूला हनुमानगढहून आलेल्या आजी होत्या, दुसऱ्या बाजूला चुळबुळ करणारं एक तान्हं. डाळ संपली, तशी पुन्हा आली. या सबंध प्रवासात "एकट्याच का?" हा प्रश्न मला न विचारणारी ही एकमेव जागा. म्हणून मी गरजेपेक्षा एक रोटी जास्त खाल्ली.

संध्याकाळी गोदावरीच्या घाटाच्या कडेला बेशरमाची झुडपं दिसली. सांगलीत कृष्णेच्या काठीही ती आहेत आणि नावही तेच, हे बघून बरं वाटलं. एका पानावर कासवभुंगेरा बसला होता. त्याच्या उपकुळाची खूण लांबूनही कळते: पाठीच्या ढालीला सगळीकडून पारदर्शक झालर असते आणि डोकं तिच्याखाली झाकलेलं. हा अख्खा सोन्याचा होता. सोनं हे जिवंतपणीच. मेला की तासाभरात मातकट होतो. त्यामुळं माझ्या काय, कुणाच्याच पेटीत सोनेरी कासवभुंगेरा नाही.

मी फोटो काढला, आणि बोट सवयीनं रशीदसरांच्या नावावर गेलं. पाठवला. एकच खूण उमटली, दुसरी उमटायची वाट बघत मी पायरीवर बराच वेळ बसले. भुंगेऱ्याला पानावरच सोडून परतले.

देगलूरच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी एसटीनं देगलूरकडं निघाले आणि अलीकडंच, कुंपणं बरी दिसली म्हणून उतरले. कंडक्टरनं विचारलं, "हितं कोण हाय तुमचं?" मी म्हटलं, "मामेभाऊ." बाभळीकडं बघून त्यांनी घंटी मारली.

आमची पद्धत अशी: उघडी छत्री झुडपाखाली उलटी धरायची आणि काठीनं फांदीवर दणके द्यायचे. जे असेल ते छत्रीत पडतं. माझ्या छत्रीत आधी पडलं ते लाल मुंग्यांचं अख्खं घरटं. पुढचा काही वेळ मी जे नृत्य केलं ते बघायला शेजारच्या रानातून सोयाबीन काढणाऱ्या बायका विळे घेऊन बांधावर आल्या.

"काय हरवलं हो, बाई?" त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंनी विचारलं. त्यांना बाकीच्या लक्ष्मव्वा म्हणत होत्या.

"काही नाही. भुंगेरे धरते."

"औषधाला?"

"नाही. बघायला."

"बघून काय करता?"

"परत बघते."

लक्ष्मव्वा शेजारणीला म्हणाल्या, "पिच्ची." आणि दोघी हसल्या. तो तेलुगू शब्द होता. अर्थ मला देगलूरच्या हॉटेलात कळला: डोकं फिरलेली.

पण डोकं फिरलेलीला त्यांनी सोडलं नाही. बांधावर बसवलं, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी हातावर दिली. आमच्याकडं अंबाडीत डाळ-तांदूळ घालून तिला माणसाळवतात. इथली आंबट, झणझणीत, थेट डोळ्यांत पाणी. मीही मग फुकट खाल्लं असं नको म्हणून खेळ दाखवला. छत्रीत दोन बारके भुंगेरे उरले होते, दिसायला सख्खे भाऊ. एक लक्ष्मव्वांच्या तळहातावर ठेवला आणि काडीनं डिवचलं. टुणकन उडून तो थेट त्यांच्या पदरावर.

"याच्या मागच्या मांडीत स्प्रिंग आहे," मी म्हटलं. "म्हणून मांडी फुगीर, पैलवानासारखी. आणि मिशा बघा, दोन्ही कपाळाच्या मधोमध, एकीला लागून एक उगवल्यात. फुगीर मांडी आणि जवळजवळ मिशा, हे एक उपकूळ." मग दुसरा ठेवला. कितीही डिवचलं तरी तो चालतच राहिला. "याची मांडी बारीक. आणि मिशा एकमेकींपासून लांब, ज्या त्या आपापल्या डोळ्याशी. वाटणी झाल्यावर भावांनी वेगळी दारं काढावीत तशा. हे दुसरं उपकूळ."

लक्ष्मव्वांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग विचारलं, "आन् मिशा लांब, मांडी फुगीर, असा न्हाई का?"

"या दोघांत तरी नाही. असा एक आहे म्हणतात, उदगीरला. तोच बघायला चाललेय."

"एवढ्यासाठी? एकट्याच?"

"हो."

त्यांनी माझ्या पिशवीत आणखी एक भाकरी टाकली.

उदगीर

रशीदसरांच्या घराला पुढून दुकान आहे. धान्याचं, त्यांच्या धाकट्या भावाचं, अन्वरभाईंचं. दुकानातून आत गेलं की घर. अन्वरभाई पांढऱ्या दाढीचे, नेटके, बोलायला मऊ. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी बसल्या बसल्या तुरीच्या उघड्या पोत्यात हात घातला, आणि सवय वाईट, चिमटीत एक भुंगेरा धरून वर काढला.

"हा बघा, डाळीतला. हाही पानभुंगेऱ्यांच्याच कुळातला बरं का, उपकूळ वेगळं. डोळ्याला खाच आहे, मिशी त्या खाचेतून निघते. आणि वरचे पंख आखूड, त्यामुळं मागचं टोक उघडं. सदरा आखूड झालेल्या मुलासारखं."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी आपापल्या पिशव्यांत डोकावून बघितलं. अन्वरभाईंनी पोत्याचं तोंड आवळलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमी बी त्यातल्याच. म्हणून आधीच सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. दिमाग सरक गया था भाईसाब का. शेवटचा हिवाळाभर मागच्या खोलीत बसून एकटेच हसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, सांगलीच्या मॅडम आल्यावर कळंल. आता त्या पेट्या धूळ खाऊन राहिल्या, आन् मला पोती ठेवायला जागा न्हाई. भाभी ऐकत न्हाईत. तुमी आलात, बघा, आन् त्यांची समजूत घाला."

शाहेदाभाभी आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

त्यांनी आधी जेवायला घातलं. खिचडी आणि खट्टा. चिंचेचं आणि तिळाचं हे पातळ आंबट कालवण वाडग्यातून खिचडीवर ओतायचं. आमच्याकडं खिचडीवर तूप किंवा कढी, आणि खिचडी म्हणजे आजाऱ्याचं किंवा कंटाळ्याचं जेवण. इथं ती पाहुण्याच्या मानाची. मी भडंग पुढं केला. त्यांनी चव घेतली आणि म्हणाल्या, "कुरकुरीत हाय. ते म्हणायचे, सांगलीहून येतंय ते सगळं मेलेलंच असतंय."

मग मागच्या खोलीत नेलं. खोलीत निम्म्यापर्यंत पोती आलेली होती. उरलेल्या निम्म्यात टेबल, खुर्ची, दिवा, पेट्या आणि डांबरगोळ्यांचा वास. माझ्या घरातल्या खोलीलाही अगदी हाच वास आहे. खुर्ची एकच होती. भाभी पोत्यावर बसल्या.

"मॅडम, मला किड्यातलं काय बी कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांचं नाव होवो न होवो. मला एवढंच सांगा, ते जे म्हणून राहिले होते ते खरं हाय का? असा किडा हाय का? अन्वरभाईंनी त्यांना लातूरला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरसमोर बी हसले. मय्यतीला आलेले लोक ओसरीवर बसून हेच बोलले, की बिचारे भ्रमिष्ट झाले होते. चाळीस वर्षं मी त्या माणसाबरोबर काढली. ते शहाणे होते का न्हाई, हे मला आता किड्यावरून कळणार."

मी कितीतरी परीक्षांना परीक्षक म्हणून बसले आहे. त्या दिवशी मी भिंग दोनदा पुसलं.

पेटीच्या उजव्या कोपऱ्यात तो होता. साध्या पांढऱ्या त्रिकोणावर, पितळेसारखा चमकणारा. भिंगाखाली घेतला. मिशा लांब-लांब, ज्या त्या डोळ्याशी. फोटोतल्यासारख्याच. डोळ्याला खाच नाही, मागचं टोक झाकलेलं. म्हणजे डाळीतल्याचा भाऊबंद नाही. आणि मागची एकुलती एक डावी मांडी फुगीर, थेट पैलवान. तीही फोटोतल्यासारखीच. खरं सांगते, असलं काही कुणीच पाहिलेलं नव्हतं. आणि त्या क्षणी मला हे ज्याला सांगायचं होतं तो एकच माणूस होता, आणि मी त्याच्याच खुर्चीत बसले होते.

"भाभी, तो आहे," मी म्हटलं. "पण खालून मांडीचा सांधा बघायला हवा. बशीत कोमट पाणी द्या."

वाळलेला भुंगेरा पाण्यात मऊ पडतो. मग पाय न मोडता हलवता येतात. बशी आली. मी त्रिकोणासकट त्याला पाण्यात सोडलं. अन्वरभाईही दारात येऊन उभे राहिले. आम्ही दोघी बशीवर वाकलो, उकळी फुटायची वाट बघावी तशा.

काही वेळानं मांडी अंगापासून अलग झाली आणि एकटीच गोल-गोल तरंगू लागली.

"तुटली?" भाभींनी विचारलं.

मी बुब्बुळाला भिंग चिकटवून बघितलं. अंगाला त्या जागी दुसरा, खराखुरा सांधा होता, बारीक मांडीचा. "तुटली नाही. चिकटवलेली होती. दुसऱ्या भुंगेऱ्याची आहे."

अन्वरभाई अगदी मायेनं म्हणाले, "जाऊ द्या, भाभी. आजारी होते ते. एकाचा पाय दुसऱ्याला लावत बसायचं म्हणजे..."

शाहेदाभाभींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. एवढा नेटका माणूस. मी मांडी काडीवर घेतली. काडी बोटाला चिकटली.

डिंक होता.

पाण्यात अंग त्रिकोणाला घट्ट धरून होतं. ते नेलपॉलिशनं लावलेलं. मांडी तेवढी डिंकानं. ज्या माणसानं वीस वर्षं मला डिंकावरून टोचलं, त्यानं. मी पेटी पुन्हा पुढं ओढली. पितळी भुंगेऱ्याच्या रिकाम्या जागेशेजारी, अगदी खेटून, एक लालभडक त्रिकोण होता. त्यावर सोनेरी गणपतीच्या सोंडेचा तुकडा. माझा. माझ्याच भाचीच्या लग्नाची पत्रिका. त्यावर मीच पाठवलेला सांगलीचा निळा उड्या मारणारा भुंगेरा, आणि त्याची मागची डावी मांडी नाहीशी झालेली.

मी हसायला लागले. आधी नाकातून, मग थांबवता येईना. भाभी आणि अन्वरभाई माझ्याकडं बघत राहिले, आणि त्यांच्या बघण्यावरून मला कळलं की या खुर्चीत हसणाऱ्या माणसाकडं बघायचा त्यांना सराव आहे.

"भाभी," मी कशीबशी म्हणाले, "हा पाय माझ्या भुंगेऱ्याचा आहे. फोटो बघून मी धावत येणार, तुमच्याकडं बशीत पाणी मागणार, पाय सुटणार, आणि ते तिथं दारात उभे राहून माझं तोंड बघणार, असा बेत होता. पहिल्या आंघोळीला सुटावा म्हणून मुद्दाम डिंक लावला. मला उदगीरला आणायला. ते हिवाळाभर माझी वाट बघत हसत होते."

हे बोलता बोलता माझं हसू कुठंतरी संपलं. दारात अन्वरभाई उभे होते. तिथं दुसरं कुणी उभं राहायला हवं होतं.

शाहेदाभाभी बशीकडं बघत होत्या. "डिंक," त्या म्हणाल्या. "माझ्या लाडवाच्या डब्यातला खडा नेला होता त्यांनी. मी म्हणलं कशाला, तर म्हणले, पाहुण्यांसाठी. आन् हसत बसले. त्याच्यानंतरच मी अन्वरभाईंना म्हणलं, ह्यांना लातूरला दाखवा."

त्या उठल्या. दारातल्या अन्वरभाईंना बाजूला सारून सरळ दुकानात गेल्या. तिथं एक गिऱ्हाईक तूर मोजून घेत होतं, ते दचकून मागं सरलं. आयुष्यभर नवऱ्याला "ते" म्हणणाऱ्या त्या बाई रस्त्यावरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेल्या:

"बदमाश होता माझा माणूस. पागल न्हवता."